आयईटीएफचं सर्टिफिकेट कुठे मिळतं हो?

कंदी_पेढा (धागाकर्ता)

मंडळी, एका निमसरकारी टेंडरच्या कागदात अडकलोय. राउटर आणि स्विच पुरवायचे आहेत, माल नेहमीचाच. पण तांत्रिक अटींमध्ये एक ओळ आहे: "उपकरणे आयपीव्ही६ साठी आयईटीएफ-प्रमाणित असावीत. प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडावी." (आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत.)

दोन दिवस शोधतोय. आयईटीएफच्या (इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, इंटरनेटची मानकं ठरवणारी संस्था) साइटवर पैसे भरायची सोय आहे, पण ती बैठकीची नोंदणी. सर्टिफिकेटचा पत्ताच नाही. आमच्या पुरवठादाराच्या मुंबई ऑफिसला फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "सर, ते लोक देतच नाहीत." देत नाहीत म्हणजे काय? प्रेशर कुकरला आयएसआय मार्क असतो, इंटरनेटला काहीच नाही?

शोधताना आणखी एक नाव सापडलं. आयएबी, म्हणजे इंटरनेट आर्किटेक्चर बोर्ड. हे मंडळ आयईटीएफच्या कामावर देखरेख ठेवतं म्हणे. मग अर्ज यांच्याकडे करायचा का? शुक्रवारपर्यंत प्री-बिडचे प्रश्न पाठवायचे आहेत. जाणकारांनी उजेड पाडावा.

तिसरी_घंटा

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

मोडेमवाला_काका

पेढेराव, मुंबईचा तो मुलगा खरं बोलला. आयईटीएफ कुणाच्याच डब्यावर शिक्का मारत नाही. नमुना तपासत नाही, परवाना देत नाही, नियम मोडला म्हणून नोटीस धाडत नाही. ती मंडळी फक्त लिहितात. त्या कागदांना आरएफसी म्हणतात, रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स. आपल्या सरकारी मराठीत 'अभिप्राय कळवावेत, ही विनंती'. पहिला कागद ७ एप्रिल १९६९ चा, स्टीव्ह क्रॉकर यांचा. तेव्हा ते विद्यार्थी होते. आपण कुणावर हुकूम सोडतोय असं वाटू नये म्हणून नाव असं नरम ठेवलं. आज मालिकेत नऊ हजारांवर कागद आहेत आणि नाव तेच. ज्या टीसीपी प्रोटोकॉलवर (म्हणजे संगणकांनी आपसात बोलायच्या नियमांवर) तुम्ही हा धागा वाचताय, त्याचीही 'अभिप्राय कळवावेत'वरच बोळवण झालेली आहे.

टेंडर लिहिणाऱ्याला बहुतेक 'आयपीव्ही६ रेडी' लोगो म्हणायचं असावं. तो आयपीव्ही६ फोरम ही वेगळीच संस्था चाचण्या करून देते. पुरवठादाराकडे मॉडेलनिहाय कागद असतील, ते जोडा आणि प्री-बिडमध्ये अट दुरुस्त करून मागा.

आता आयएबी. इथे जरा ऐसपैस बसून सांगतो, कारण 'देखरेख' हा शब्द फसवा आहे.

१९७९ च्या सुमारास व्हिंट सर्फ अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पामध्ये इंटरनेटचं काम पाहत होते. त्यांनी सल्ल्यासाठी काही जाणकार जमवले आणि त्या गटाला नाव दिलं इंटरनेट कॉन्फिगरेशन कंट्रोल बोर्ड. १९८४ ला त्याच्या जागी इंटरनेट ॲडव्हायजरी बोर्ड आलं, मग १९८६ ला ॲक्टिव्हिटीज बोर्ड, १९९२ ला आर्किटेक्चर बोर्ड. आयएबी ही आद्याक्षरं कायम, मधला शब्द बदलत गेला. सगळ्यात आधी गळाला तो 'कंट्रोल', हे लक्षात ठेवा.

आयईटीएफचा जन्म जानेवारी १९८६ चा, सॅन डिएगोत. पहिल्या बैठकीला २१ जण होते. त्या काळात मंडळ वर आणि आयईटीएफ खाली, अशी सरळ उतरंड. कुठला प्रोटोकॉल मानक व्हायचा यावर शेवटचा शब्द मंडळाचा.

मग १९९२ साल उजाडलं. आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटांचे. त्यातले मधल्या आकाराचे, 'क्लास बी'चे गट भराभर संपत होते आणि राउटरमधले तक्ते फुगत चालले होते. काहीतरी करणं भाग होतं. जूनमध्ये जपानमधल्या कोबे शहरात मंडळ बसलं आणि ठरवून मोकळं झालं की पुढचं आयपी सीएलएनपीच्या पायावर बांधायचं. सीएलएनपी हा ओएसआय या प्रतिस्पर्धी घराण्याचा प्रोटोकॉल. ज्या घराण्याशी वर्षानुवर्षं भाऊबंदकी, तिथलीच सोयरीक, आणि तीही नवऱ्या मुलाला न विचारता! आयईटीएफमध्ये जो भडका उडाला, तो विचारू नका. तांत्रिक आक्षेप होतेच, पण खरा राग 'आम्हाला न विचारता ठरवणारे तुम्ही कोण' याचा होता.

पुढच्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला बैठक होती. एमआयटीच्या डेव्हिड क्लार्क यांनी तिथल्या भाषणात जे म्हटलं, ते आजही टी-शर्टांवर छापलं जातं: राजे, अध्यक्ष आणि मतदान आम्हाला नामंजूर, आमचा विश्वास ढोबळ सहमतीवर आणि चालत्या कोडवर. व्हिंट सर्फ म्हणजे कायम थ्री-पीस सुटात वावरणारा माणूस. त्यांनी त्याच बैठकीत व्यासपीठावर एकेक कपडा उतरवला, आणि आतल्या टी-शर्टवर लिहिलेलं होतं 'आयपी ऑन एव्हरीथिंग'. हशा झाला, वातावरण निवळलं, मंडळाने माघार घेतली.

पण गोष्ट माघारीवर थांबली नाही. मानकं मंजूर करायचा अधिकारच मंडळाकडून काढून आयईएसजीकडे दिला गेला. आयईएसजी म्हणजे आयईटीएफच्या वेगवेगळ्या क्षेत्रांचे प्रमुख. मंडळाकडे उरलं काय? दूरचा विचार करून सल्ला देणं, अपिलं ऐकणं, आयटीयूसारख्या बाहेरच्या संस्थांशी बोलणं, आरएफसी मालिका (२०२२ पर्यंत) आणि क्रमांकांच्या नोंदवह्या नीट चालल्यात ना ते बघणं, आयईएसजीच्या नेमणुकांवर पसंतीची मोहर उठवणं. म्हणजे घरातल्या आजोबांसारखं. तिजोरीची किल्ली सुनेकडे, पण लग्न ठरवताना विचारतात.

तेव्हा अर्ज आयएबीकडे करू नका. त्यांच्याकडे शिक्का असता तरी १९९२ ला काढून घेतला असता.

निवांत_कासव

काका, रोचक. पण मतदान नामंजूर तर ठरतं कसं? आमच्या सोसायटीत मतदान असूनही लिफ्टच्या आतला रंग तीन वर्षं ठरलेला नाही.

हेडरफोडी

@निवांत_कासव, गुणगुणून.

थट्टा करत नाहीये. कंपनीने एकदा पाठवलं होतं, नोव्हेंबर २०१७, सिंगापूर, आयईटीएफची शंभरावी बैठक. पहिल्या दिवशी एका खोलीत शिरले. दीडेकशे माणसं, निम्मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून. अध्यक्ष म्हणाला, "हा मसुदा पुढे न्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी गुणगुणा." आणि अख्ख्या खोलीतून "हंऽऽऽ". मग म्हणाला, "नेऊ नये असं वाटणाऱ्यांनी." मागच्या कोपऱ्यातून बारीकसा "हं". मला आजीची आठवण आली. गोष्ट सांगताना आम्ही हुंकार भरला नाही तर ती थांबायची. इथेही तसंच: हुंकार आला तर गोष्ट पुढे.

हात का वर करत नाहीत, तर हात मोजता येतात. मोजले की बहुमत आलं, बहुमत आलं की कंपन्या माणसं भरून आणणार. शिवाय हुंकार कुणी दिला ते कळत नाही, त्यामुळे साहेब शेजारी बसला असला तरी माणूस आपल्या मनाचं "हं" करू शकतो. (कोविडात बैठका ऑनलाइन गेल्यावर मात्र शेवटी हात वर करायचं बटणच आलं. स्पीकरवरून गुणगुणणं जमेना.)

आणि खोलीतला हुंकार शेवटचा नसतोच. निर्णय मेलिंग लिस्टवर पक्का होतो, कारण बैठकीला न आलेल्याचा आक्षेपही तितकाच खरा धरतात. या सगळ्यावर २०१४ चा एक आरएफसी आहे, क्रमांक ७२८२, पीट रेसनिक यांचा. त्यातल्या एका भागाचं शीर्षकच असं की, पाच जण बाजूने आणि शंभर विरोधात असले तरी ती ढोबळ सहमती असू शकते. पहिल्यांदा वाचून मी चहा सांडला होता. मुद्दा असा की, त्या शंभरांनी नुसतंच "नको" म्हटलं असेल आणि त्यांच्या प्रत्येक आक्षेपाला चोख उत्तर दिलं गेलं असेल, तर डोकी मोजायची नाहीत. उलट एकट्या माणसाने काढलेली खोट खरी असेल तर अख्खी खोली त्याच्यासाठी थांबते. आक्षेप मान्य व्हायलाच हवा असं नाही, पण त्याचा विचार झालेला दिसला पाहिजे.

गिरणगाव_डाऊन

गोड गोष्ट आहे. आता कडू गोळी घ्या. त्या खोलीत बसलेले कोण? नेटवर्क कंपन्यांचे, ब्राउझर कंपन्यांचे पगारी इंजिनिअर. वर्षाला तीन बैठका, तिकीट, हॉटेल, व्हिसा. भारतात आजवर एकही बैठक भरलेली नाही. "दार सगळ्यांना उघडं आहे" हे पंचतारांकित हॉटेलच्या दाराबद्दलही खरंच असतं. क्विक प्रोटोकॉल घ्या. गूगलने आधी स्वतःच्या ब्राउझरमध्ये नि सर्व्हरवर चालवला, मग आयईटीएफकडे आणला. यात देखरेख कुणी कुणावर ठेवली?

तिसरी_घंटा

आला, आला, धागा रंगात आला.

हेडरफोडी

@गिरणगाव_डाऊन, पगाराचं नाकारत नाही. मलाही कंपनीनेच पाठवलं होतं, आणि पुढच्या वर्षी बजेट कापल्यावर मी घरून मेलिंग लिस्ट वाचत बसले. फी आणि व्हिसा ही खरी अडचण आहे.

पण क्विकचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. २०१६ मध्ये त्याचा कार्यगट झाला आणि आरएफसी ९००० मे २०२१ मध्ये आला. पाच वर्षं. गूगलची स्वतःची कूटलेखनाची व्यवस्था काढून तिथे टीएलएस १.३ (आयईटीएफचं कूटलेखनाचं मानक) बसवलं. जे बाहेर आलं, ते आत गेलेल्याशी जुळत नव्हतं, आणि गूगललाच आपलं जुनं रूप सोडून नव्यावर यावं लागलं. मालकाच्या मनासारखंच व्हायचं असतं तर पाच वर्षं कशाला घालवली असती?

टीएलएस १.३ ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१६ मध्ये, मसुदा बराच पुढे गेलेला असताना, अमेरिकेतल्या बँकांच्या एका संघटनेने लिस्टवर पत्र टाकलं. म्हणणं असं की, जुनी आरएसए किल्ली-देवाणघेवाण काढू नका. आमच्याच नेटवर्कमधली वाहतूक उघडून बघायला आम्हाला ती लागते. मोठी गिऱ्हाइकं, खरी गरज. उत्तर काय मिळालं? नाही. कारण जी किल्ली बँकेला उघडून बघू देते, ती दुसऱ्या कुणालाही देईल. नंतर २०१७-१८ मध्ये हीच मागणी नव्या मसुद्यांच्या रूपात बैठकांमध्ये परत आली, हुंकार झाले, सहमती झाली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ निघाला, २८ मसुद्यांनंतर, त्या किल्लीशिवाय. मग त्या गरजेसाठी युरोपातल्या एटसी या मानक संस्थेने वेगळा प्रकार काढला. म्हणजे बघा, आयईटीएफकडे "करू नका" म्हणायचा अधिकार नाहीच. "आमच्या नावावर नको" एवढंच म्हणता येतं.

कंदी_पेढा

माझ्या टेंडरचं काय झालं हे कुणी विचारत नाहीये, पण चालू द्या, मजा येतेय. काका, त्या मंडळावर माणसं येतात कुठून? मतदान नाही म्हणता.

मोडेमवाला_काका

सोडत! अगदी म्हाडासारखी, पण घराची नव्हे, निवडणाऱ्यांची.

मंडळावर १३ जण असतात. १२ नेमलेले, तेरावा आयईटीएफचा अध्यक्ष. मुदत दोन वर्षांची, दरवर्षी निम्मे बदलतात. ते निवडते नामांकन समिती, बोलीभाषेत नॉमकॉम. तिच्यात मत देणारे दहा, आणि हे दहा जण स्वयंसेवकांमधून चिठ्ठ्या टाकून काढतात. एका मालकाचे दोनपेक्षा जास्त चालत नाहीत (गिरणगावकर, हे तुमच्यासाठी).

चिठ्ठ्या कशा टाकाव्यात यावरही आरएफसी आहे, ३७९७. समितीचा अध्यक्ष आधी इच्छुकांची क्रमवार यादी जाहीर करतो आणि सांगून ठेवतो की अमुक तारखेच्या अमुक लॉटरीचे आकडे मी वापरणार. आकडे आले की ठरलेल्या सूत्रात घालायचे, नावं बाहेर. जगात कुणीही घरबसल्या तेच गणित करून ताळा करू शकतो. आपल्याकडच्या प्रवेशफेऱ्या अशा निघाल्या तर निम्मे पालक रात्री झोपतील.

मग ही दहा माणसं इच्छुकांशी बोलून आयईएसजी आणि आयएबीसाठी नावं ठरवतात. आयईएसजीच्या नावांना मंडळ मान्यता देतं, मंडळाच्या नावांना इंटरनेट सोसायटीचे विश्वस्त.

निवांत_कासव

एक शंका, आणि ती जरा टोचणारी आहे. आयपीव्ही६ चा पहिला कागद डिसेंबर १९९५ चा. पूर्ण 'इंटरनेट स्टँडर्ड' असा दर्जा मिळाला जुलै २०१७ मध्ये, आरएफसी ८२०० म्हणून. बावीस वर्षं! मधल्या काळात जगाने नॅटची (एकाच पत्त्यावर अनेक यंत्रं चालवायची युक्ती) ठिगळं लावून संसार केला. मंडळाचा दंडुका १९९२ ला काढला नसता तर हे काम लवकर उरकलं नसतं का? कोबेत निदान त्यांनी निर्णय तरी घेतला होता.

मोडेमवाला_काका

कासवराव, बरोबर जागी बोट ठेवलंत. यावर माझं स्वतःचं मत दर पाच वर्षांनी बदलतं.

एक बाजू अशी की, सीएलएनपी तेव्हा कागदावर तयार होतं, राउटरवाल्यांनी त्याचा कोडही लिहिला होता. ते रेटलं असतं तर कदाचित नव्वदीतच मोठे पत्ते मिळाले असते, इंटरनेट लहान असतानाच. दुसरी बाजू अशी की, उशीर कागदाने केलाच नाही. कागद १९९५ ला होता. सेवा पुरवणाऱ्यांना खर्च नको होता, आणि नॅटने भागत होतं. जुन्या मंडळाकडेही देशोदेशीच्या कंपन्यांना राउटर बदलायला लावायचा दंडुका कधी नव्हताच. अधिकार होता तो कागदावर सही करायचा.

२०१६ च्या नोव्हेंबरात मंडळाने एक निवेदन काढलं, की यापुढे नवे प्रोटोकॉल आयपीव्ही४ शी जुळलेच पाहिजेत अशी अट आयईटीएफ घालणार नाही, अशी आमची अपेक्षा आहे. भाषा बघा. 'अपेक्षा आहे.' मंडळाचा आजचा सगळ्यात जोराचा आवाज हा एवढाच. आणि तरीही लिहिणारे तो ऐकतात.

वऱ्हाडी_ठेचा

मी नेटवर्कवाला नाही, अक्षरवाला आहे. फॉन्ट, कळफलक, असलं काम. पण आयएबीने मराठीवर एक उपकार केलाय, तो इथे नोंदवलाच पाहिजे.

इंटरनेटच्या पत्त्यात देवनागरी चालावी म्हणून २००३ मध्ये पहिली मानकं आली. त्यात एक खोच होती. 'दऱ्या' टाइप करायचे दोन मार्ग आहेत. एक, ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त, आणि मग डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. जुन्या कळफलकांवर दुसरा मार्ग सर्रास होता. २००३ च्या नियमांनी ते अदृश्य चिन्ह सरसकट गाळून टाकलं. ते गळलं की 'दऱ्या'चा होतो 'दर्या'. डोंगर गेले, समुद्र आला! 'आचाऱ्या'चा 'आचार्या' व्हायला वेळ लागत नाही. माझ्या आयडीतल्या वऱ्हाडाचं काय होतं ते तुम्हीच लिहून बघा.

२००६ मध्ये आयएबीने या सगळ्या व्यवस्थेचा आढावा घेतला, आरएफसी ४६९०. त्यात बऱ्याच लिप्यांच्या अडचणी मांडून मानकं पुन्हा तपासायला सांगितलं. त्यानंतर जी नवी मानकं आली (कागद ऑगस्ट २०१० चे, ५८९० ते ५८९४), त्यांत ते अदृश्य चिन्ह संदर्भ बघून चालवून घेतात. हलन्तानंतर आलं तर चालेल. कुठेही घुसडलं तर नाही, कारण न दिसणारं चिन्ह म्हणजे भामट्यांना कुरण. पुढे २०१४ मध्ये '.भारत' आलं.

तेव्हा कुणी म्हटलं की मंडळाच्या हातात काही नाही, तर मला तो आढावा आठवतो. मंडळाने स्वतः एक नियमही बदलला नाही. पण माहेरी नुसती पाहुणी म्हणून आलेली आत्या "भिंतीला ओल आलीय हो" म्हणून गेली की घरचे डागडुजीला लागतात ना, तसं.

तिसरी_घंटा

ठेचा, हे माहीतच नव्हतं. लेकीच्या शाळेतल्या निबंधात 'दर्याखोर्यातून' असं छापून आलं होतं, मी शिक्षकांना दोष देत होते.

बरं, एक विचारू? सरकारांनी म्हटलं, आम्हाला फोन ऐकायची सोय प्रोटोकॉलमध्येच करून द्या, तर?

मोडेमवाला_काका

म्हणाले होते. आयईएसजी आणि आयएबीने मिळून मे २००० मध्ये उत्तर दिलं, आरएफसी २८०४: मानकं लिहिताना छुप्या श्रवणाच्या गरजा आम्ही विचारात घेणार नाही. ते नैतिकदृष्ट्या बरं की वाईट, यात कागद पडत नाही. प्रत्येक देशाचे कायदे वेगळे आणि असली सोय केली की प्रोटोकॉल गुंतागुंतीचा नि कमजोर होतो, हा त्यांचा हिशेब. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारची पाळत उघडी पाडल्यावर त्याच वर्षी व्हँकुव्हरला मोठी चर्चा झाली आणि मे २०१४ मध्ये आरएफसी ७२५८ आला: सर्वव्यापी पाळत हा हल्ला आहे, आणि रचना करताना तो हल्ला समजूनच कमी करायचा.

गिरणगाव_डाऊन

(प्रकाटाआ)

गिरणगाव_डाऊन

वरचा प्रतिसाद रागात लिहिला होता, काढला. मुद्दा एवढाच: सोडत, हुंकार सगळं मान्य. पण मराठी माणसाच्या 'दऱ्या' वाचवायला २००३ ते २०१० सात वर्षं गेली, कारण २००३ च्या खोलीत 'दऱ्या' लिहिणारं कुणी नव्हतं. हे हुंकाराने सुटत नाही. खोलीत असावं लागतं.

हेडरफोडी

यावर भांडण नाही. मात्र मेलिंग लिस्टला व्हिसा लागत नाही. मी तुमच्यासाठी दुवा व्यनि करते, नावनोंदणी फुकट आहे.

गिरणगाव_डाऊन

करा. आजच करतो. पहिल्याच पत्रात भांडणार, आधीच सांगून ठेवतो.

कंदी_पेढा

अपडेट. तुम्हा सगळ्यांच्या कृपेने प्री-बिडमध्ये दीड पानी खुलासा पाठवला होता. आयईटीएफ प्रमाणपत्र देत नाही, ती फक्त मानकं लिहिते, तिच्या कामावर आयएबी हे मंडळ देखरेख ठेवतं, तरी 'आयपीव्ही६ रेडी' लोगो ग्राह्य धरावा, असं सगळं नीट मुद्देसूद. काकांचा मजकूर जवळपास तसाच उचलला, सुटाचा प्रसंग तेवढा वगळला.

आज शुद्धिपत्रक आलं. जशी आहे तशी ओळ टाकतोय:

"अट क्र. १७ मध्ये 'आयईटीएफ-प्रमाणित' याऐवजी 'आयएबी-प्रमाणित' असे वाचावे."

मोडेमवाला_काका

अरे देवा.

निवांत_कासव

हंऽऽऽ.